घर मागे राहणाऱ्यासाठी बघा

निवृत्तीला वर्ष-दोन वर्षं उरली की आपल्या खान्देशी माणसाच्या अंगात प्लॉट संचारतो. कल्याण-डोंबिवलीत, पिंपरी-चिंचवडला, नाशिकच्या सिडकोत, सुरतेच्या उधन्यात उभी हयात काढलेली माणसं एकदम वेगळीच भाषा बोलायला लागतात. कुठे घेतला, काय भाव पडला, एनए म्हणजे बिगरशेती आहे का, समोरचा रोड किती फुटी. माझ्यासोबत बँकेतून निवृत्त झालेल्या आणि होऊ घातलेल्या मंडळींत सध्या हाच विषय आहे, आणि "ताई, तुम्ही जळगावला गेलात, तुमचं काय मत?" असं मला विचारलं जातं. फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून इथे लिहिते. राग येणाऱ्यांनी खुशाल यावा.

माझं मत असं की जळगाव की धुळे, फ्लॅट की रो-हाऊस, हे नंतर. आधी नवरा-बायकोने समोरासमोर बसून एक प्रश्न एकमेकांना विचारायचा: आपल्यातला एक जण गेल्यावर दुसऱ्याचं इथे निभेल का? हा प्रश्न घरात कुणी तोंडावर आणत नाही, अशुभ वाटतो. पण नवरा सहसा वयाने मोठा असतो आणि बायका जगतातही जास्त, म्हणजे मागे कोण राहणार हे बहुतेक घरांत ठरल्यासारखंच आहे. आणि घर मात्र बांधलं जातं नवऱ्याच्या गावी! त्याचे भाऊबंद, त्याचे शाळासोबती, त्याचा पार, त्याचं मारुतीचं मंदिर. तिचं त्या गावात कोण? एक जाऊबाई, आणि शेताच्या वाटणीपासून त्यांच्याशी बोलणं बंद.

आमचे हे शिंदखेडा तालुक्यातले. गावात वडिलोपार्जित जागा आहे, तिथेच घर बांधू, हा त्यांचा हट्ट. गाव चांगलं आहे, माणसंही चांगली आहेत, कानबाईच्या सणाला आम्ही जातोच. पण गावात एस.टी. येते ती तिच्या वेळेला, औषधाचं दुकान फाट्यावर, आणि रात्री काही झालं तर कुणाची तरी गाडी मागायची. मी म्हटलं, तुम्ही आहात तोवर ठीक. तुमच्यानंतर मी रात्री दोन वाजता कोणत्या पुतण्याचं दार वाजवू? त्यावर हे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मग अमळनेर बघू, तुझं माहेर.

आता अमळनेरबद्दल माझ्या मनात काय आहे हे सांगायला नको. प्रताप कॉलेजचं आवार, १९१६ सालापासूनचं तत्त्वज्ञान मंदिर, साने गुरुजींची शाळा, वैशाखात बोरीच्या पात्रात भरणारी सखाराम महाराजांची यात्रा. फेब्रुवारी २०२४मध्ये साहित्य संमेलन भरलं तेव्हा मी मांडवात बसून भरून पावले. तरीही घर तिथे घेतलं नाही. छातीत कळ आली आणि मोठ्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर धुळे पस्तीसेक किलोमीटर, जळगाव पंचावन्नच्या पुढे. शिवाय अमळनेर ताप्ती लाइनवर, म्हणजे सुरत-जळगाव रेल्वेमार्गावर. मुलं सुरत-बडोद्याला असतील तर याहून सोयीचं गाव नाही, पण आमचा मुलगा ठाण्याला आहे. त्याला निरोप गेल्यापासून आमच्या दारात पोचायला किती तास आणि किती गाड्या, हा हिशेब मी भावनेच्या आधी मांडला.

हाच हिशेब प्रत्येकाने आपापला मांडावा, कारण उत्तर प्रत्येकाचं वेगळं येतं. मुलगी सुरतेला असेल तर नंदुरबार बघा, जळगावच्या नादी कशाला लागता? मुंबईला असतील तर चाळीसगावचा विचार करायला हरकत नाही. मुंबई-भुसावळ मेन लाइनवर आहे, गाव आटोपशीर आहे, धुळ्याला जायला गाडी आहे. फक्त मोठ्या इलाजाला संभाजीनगर गाठायचं तर मध्ये कन्नडचा घाट येतो, आणि ऑगस्ट २०२१मध्ये दरड कोसळून तो घाट कसा अडला होता ते आठवा. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांना तर मी सरळ भुसावळ म्हणते. विभागाचं रेल्वे हॉस्पिटल तिथे, जवळपास सगळ्या गाड्या थांबतात, ओळखीपाळखीची माणसं तिथेच. उन्हाळ्याला मात्र नमस्कार.

धुळेकर माझ्यावर रागावतील, पण धुळं आम्ही मनापासून पाहिलं. शहर म्हणून ते मला जळगावपेक्षा आवडतं. जुन्या धुळ्यातल्या सरळ आखलेल्या नंबरी गल्ल्या पत्ता सांगायला सोप्या, आणि पांझरेपलीकडचं देवपूर म्हणजे कॉलेजांचा, शिक्षक-प्राध्यापकांचा भाग, आमच्यासारख्यांना मानवणारा. हिरे मेडिकल कॉलेजचं मोठं रुग्णालय गावातच. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे स्वतःची गाडी आहे तोवर नाशिक काही लांब नाही. अडलं ते रेल्वेपाशी. चाळीसगावची फाटा लाइन आणि मुंबईची गाडी, एवढंच. मनमाड-इंदूर मार्गाला सप्टेंबर २०२४मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, तो धुळ्यावरून जाणार, आनंद आहे. पण रुळ पडायची वाट बघायला आपली गुडघ्यांची वाटी तयार नसते.

पाण्याचं प्रत्येक ठिकाणी नीट विचारा, आणि ते घर विकणाऱ्याला विचारू नका. शेजारच्या घरातल्या बाईला विचारा. "नळ किती दिवसांआड येतो, किती वाजता येतो, किती वेळ असतो?" रात्री तीनला येत असेल तर उठून मोटर कोण लावणार? सत्तरीत? बोअर आहे असं अभिमानाने सांगतात, तेव्हा मे महिन्यात तो किती वेळ चालतो हे विचारायचं. जळगावला वाघूर धरणाचं पाणी आहे म्हणून जिवाला आधार, पण तेही रोज येत नाही. इमारतीखाली मोठी टाकी हवीच.

आणि घर बघायला दिवाळीत येऊ नका! दिवाळीत जळगाव स्वर्ग असतो. सकाळी धुकं, बाजारात हिरवीगार भरिताची वांगी, कोवळी कांद्याची पात, कुणाच्या तरी शेतावर भरीत पार्टी. त्या भरात लोक टोकन देऊन जातात. मे महिन्यात या, पारा चव्वेचाळीसच्या पुढे असताना, दुपारी तीन वाजता. वरच्या मजल्याच्या फ्लॅटमध्ये जाऊन पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावा. गच्चीला चुना मारलेला आहे का बघा. बेडरूमच्या खिडकीत कूलर बसतो का, बाहेर त्याला ग्रिल आहे का, आणि त्यात पाणी भरायला बाई माणसाला गॅलरीतून हात पुरतो का हेही बघा. बोअरचं पाणी जड असेल तर एका मोसमात जाळीवर पांढरा थर चढतो आणि पंप बसतो. हसू नका, एकट्या राहणाऱ्या बाईचा अर्धा उन्हाळा या कूलरभोवती जातो.

आता त्या प्लॉटांकडे येते. गावाबाहेर, "फक्त दहा मिनिटांवर", कमान उभी केलेली, सिमेंटचे रस्ते, दोन नारळाची झाडं. एका प्लॉटवाल्याने आम्हाला गाडीतून नेलं. मी खाली उतरून जमीन पाहिली. कालपरवापर्यंत कपाशी असलेली काळी. आपली तापीकाठची काळी माती पिकाला सोनं, घराला वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगांत पंजा जाईल इतकी फाटते. पाया मुरमापर्यंत नेला नाही, खालून बीम नीट बांधले नाहीत, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते आणि पावसाळ्यात संडासाचं दार घट्ट बसतं. शेजारचं तयार रो-हाऊस आम्हाला दाखवलं, त्याच्या कंपाउंडची भिंत रस्त्याकडे झुकलेली होती. नवा रंग होता, पण रंगाखाली पुट्टीची रेघ दिसतच होती. यांना म्हटलं, मुरूम किती फुटांवर लागला ते विचारा. प्लॉटवाला म्हणाला, "काकू, तुम्ही इंजिनियर आहात का?" मी आयुष्यभर घरकर्जाच्या फायली पाहिल्या आहेत, एवढंच त्याला सांगितलं.

पण समजा पाया उत्तम आहे. तरी तिथे दुकान नाही, रिक्षा नाही, शेजारी अजून आलेले नाहीत. पहिली काही वर्षं हौस असते, स्कूटीवर भाजी आणता येते. मोतीबिंदू झाला, गाडी सुटली, की तीच दहा मिनिटं दोन तासांची होतात. जळगावात तर हायवे शहराच्या मधून गेलेला. पिंप्राळा, खोटेनगर, शिव कॉलनी या बाजूला घर चांगल्या भावात मिळतं, पण रोजच्या कामाला हायवे ओलांडावा लागतो का, ते आधी पायी चालून बघा. स्वतः चालून.

म्हणून आम्ही जळगावातच महाबळच्या अंगाला, लिफ्ट असलेल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आधी त्याच भागात भाड्याने राहिलो, उन्हाळा अंगावर काढला, मगच व्यवहार केला. किंमत गावाबाहेरच्या बंगल्याएवढी पडली, आणि नातेवाइकांनी तोंडावर विचारलं, एवढ्या पैशात कबुतराचं खुराडं? त्या खुराड्यातून मी भाऊंच्या उद्यानात पायी जाते, नाट्यगृहात कार्यक्रम असला की पायी जाते. व. वा. वाचनालयाची मी सभासद आहे, १८७७ सालची संस्था, रिक्षा केली की पोचते. जिल्हा पेठ, भास्कर मार्केटकडचे दवाखाने आणि स्टेशनही रिक्षाच्या टप्प्यात. जानेवारीत बालगंधर्व महोत्सव असतो. पुण्या-मुंबईच्या मानाने हे थोडंच, पण एकटीने जाता येतं, कुणाला "सोडतोस का रे" म्हणावं लागत नाही.

बायकांनो, दोन कागदी गोष्टी. घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर होऊ देऊ नका. १ एप्रिल २०२१पासून महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे मी यांच्यासमोर मांडलं आणि पैशाच्या भाषेत ते लगेच पटलं. आणि मुलांच्या प्रेमापोटी बक्षीसपत्र करण्याची घाई करू नका, मृत्युपत्र करा. केलंच बक्षीसपत्र, तर सांभाळण्याची अट त्यात लिहून घ्या. २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा त्या अटीच्या आधारावर मदत करतो.

प्रवासाचंही जाता जाता. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०मध्ये बंद झाली ती झालीच, पण एस.टी.त बायकांना निम्मं तिकीट आणि पंचाहत्तरीनंतर सगळ्यांना फुकट. त्यामुळे स्टँड जवळ असणं हे आपल्या पिढीला विमानतळ जवळ असण्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

एका गोष्टीचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. इमारतीत माणसं चांगली आहेत, वाटीची देवाणघेवाण आहे, पण गावी ओट्यावर बसलं की येणारा-जाणारा "काय वहिनी, बरं शे ना?" म्हणतो, तसं इथे कुणी म्हणत नाही. यांना ते फार जाणवतं. महिन्यातून एकदा गावी जातात, ओटा झाडून घेतात, दोन दिवस राहून येतात. गावची जागा विकायची नाही, असं आमचं ठरलंय, आणि त्यावर बांधायचं नाही असं माझं ठरलंय.

देवपूरकरांनी खाली भांडायला जरूर यावं. फक्त येताना तुमच्या गल्लीत नळ कितव्या दिवशी येतो ते आधी लिहा.