पुढच्या ब्रेकचा बोल्ट आणि ‘इंजिनिअर साहेबां’चा मेसेज

भाचीला सायकल घेऊन तीन महिने झाले. 12,800 रुपयांची, सात गिअरची, अॅल्युमिनियमच्या फ्रेमची. घरापासून शाळा सहा किलोमीटर, त्यात दीड किलोमीटर पांदण. मागच्या रविवारी गेलो तर पोरीच्या कोपराला पट्टी.

“काय झालं वं?”

“काही नाही मामा, बकरी आडवी आली. ब्रेक मारला, पण सायकल घसरतच गेली.”

सायकल जवळ घेतली. उजवा, म्हणजे पुढचा, ब्रेक दाबला तर लिव्हर थेट मुठीला टेकली. केबलचा बोल्ट ढिला. कोणी केला म्हणून विचारलं, तर भाऊजी शांतपणे म्हणाले, “म्याच केला. मेसेज आल्ता नं.”

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. ‘10 ते 15 हजारांची सायकल घेताना फसू नका. सायकल कंपनीत 22 वर्षे काम केलेल्या इंजिनिअरचा सल्ला.’ कोणती कंपनी, कोण इंजिनिअर, काही पत्ता नाही. खाली सहा मुद्दे, शेवटी हात जोडलेले. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आठवड्यात तीनदा आला, तिसऱ्यांदा माझ्या सख्ख्या काकांनी टाकला. म्हणून बसलो लिहायला.

पाचवा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्या मुद्द्यांनी पैसे जातील, याच्यानं दात जातील. मेसेज म्हणतो: ‘मुलांच्या सायकलचा पुढचा ब्रेक ढिला करून घ्या. पुढचा ब्रेक दाबला की मूल हँडलवरून उलटते.’

ब्रेक दाबला की सायकलचा आणि माणसाचा भार पुढच्या चाकावर येतो. एसटीत उभं राहून ड्रायव्हरनं ब्रेक मारल्यावर आपण कुठं जातो? पुढंच ना? तसंच. पुढचं चाक जमिनीवर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या चाकाचा ब्रेक कितीही आवळा, ते फिरायचं थांबतं आणि घासत जातं. पोरगी ‘घसरतच गेली’ म्हणाली ते हेच. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये शेल्डन ब्राउन नावाचा सायकल मेकॅनिक होता, 2008 मध्ये वारला. त्यानं लिहून ठेवलेलं आजही जगभरचे मिस्त्री वाचतात. त्याचं म्हणणं सरळ आहे: कोरड्या, चांगल्या रस्त्यावर सायकल सगळ्यात लवकर थांबते ती पुढच्या ब्रेकनं, मागचं चाक उचलू-उचलू होईल इतका तो दाबल्यावर. हिशेबच करायचा तर ताशी 20 किलोमीटरच्या वेगात पुढच्या ब्रेकनं साधारण तीन मीटरमध्ये थांबता येतं. नुसत्या मागच्यानं सहा लागतात. बकरी त्या मधल्या तीन मीटरमध्ये होती.

मग पोरं उलटतात ते खोटं का? नाही, उलटतात. एवढं अर्धसत्य त्या इंजिनिअरला देऊन टाकतो. पण त्याचंही कारण ब्राउननंच सांगितलंय: सायकल थांबते, अंग थांबत नाही. हात सैल असले की अंग पुढं जातं आणि सायकल त्याच्यामागून उलटते. हात ताठ रोवून, ढुंगण मागं सरकवून ब्रेक दाबायचा, ही शिकवायची गोष्ट आहे, बोल्ट ढिला करायची नाही. अजून एक कबूल: मुरमावर, चिखलात, ओल्या वळणावर पुढचं चाक अडकलं तर आपटणं ठरलेलं. तिथं मागचाच ब्रेक, तोही हलक्या हातानं. म्हणूनच दोन ब्रेक असतात. सायकलच्या सुरक्षेचं आयएसओ 4210 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातही पुढं एक, मागं एक, असे स्वतंत्र चालणारे दोन ब्रेक लागतातच.

मी पाच नंबरची एलन की काढली, केबल ओढून बोल्ट आवळला, ब्रेकचं रबर चाकाच्या कड्यापासून, म्हणजे रिंगपासून, दोन-तीन मिलिमीटरवर आणलं. मग भाचीला खळ्यात नेलं. आधी पायी चालवायच्या वेगात, मग थोडं जोरात, नुसता उजवा ब्रेक. पंधरा-वीस चकरा मारल्या. एकदाही उलटली नाही. भाऊजी कुंपणाशी उभे राहून बघत होते, बोलले काही नाही.

आता बाकीचं.

‘एका हातानं उचला, हलकी ती चांगली.’ असं असतं तर आमच्या आबांची काळी 28 इंची पहिल्याच वर्षी भंगारात गेली असती. ती उचलायला दोन माणसं लागायची आणि तिनं दोन पिढ्या दूध वाहिलं. वजन कळायला हात लागतो, टिकाऊपणा कळायला चाक फिरवावं लागतं. दुकानातच चाक उचलून फिरवा आणि रिंग ब्रेकच्या रबराजवळून कशी जाते बघा. डावी-उजवी डुलत असेल तर आउट आहे. टायर धरून आडवं हलवा: खटखट लागली तर कोन, म्हणजे चाकाच्या आसावर (एक्सलवर) छर्रे धरून ठेवणारे नट, ढिले. एक्सल बोटांनी फिरवताना खरखर आली तर कोन जास्त आवळलेत नाहीतर आत ग्रीस नाही. सायकल खोक्यातून अर्धवट जुळवलेली येते, बाकीची दुकानातला पोऱ्या जुळवतो. त्या दिवशी त्याला किती घाई होती, यावर तुमची पुढची दोन वर्षं ठरतात.

‘21 गिअर घ्या, सातचा माल हलका’ आणि ‘गिअरवर शिमानो लिहिलं की सायकल असली’, हे दोन एकत्रच निकालात काढू. 21 म्हणजे पुढं तीन, मागं सात. त्यातले बरेच एकमेकांसारखेच निघतात. आपल्या सपाट रस्त्याला ते पुढचे तीन कशाला? पावसाळ्यात काळी माती अडकायला अजून एक जागा. शिमानो कंपनी चांगली, जपानची, 1921 पासूनची. पण ते नाव असतं गिअर बदलणाऱ्या यंत्रावर. त्याच्यावरून हब, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, कळत नाही, रिंग कळत नाही, छर्रे तर नाहीच नाही. या किमतीत मागं बहुतेक वेळा हबच्या आट्यांवर बसणारं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा, असतं. त्यात उजवीकडचे छर्रे आतल्या बाजूला राहतात आणि एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर लटकतो. कॅरिअरवर तुरीचं कट्टं टाकून खड्ड्यात घातली की तो वाकतो. कॅसेट हबात, म्हणजे चकत्या आट्यांशिवाय नुसत्या सरकवून बसवतात त्या हबात, छर्रे पार टोकाजवळ असतात, म्हणून तो बराच तग धरतो. दुकानदाराला विचारायचं तर हे विचारा.

‘फ्रेमला लाइफटाइम वॉरंटी म्हणजे सायकल लाइफटाइम.’ वॉरंटी फ्रेमची, तीही बनावटीतल्या दोषाची. चेनची नाही, छर्‍यांची नाही. चेन तुम्हीच मोजा, स्टीलच्या पट्टीनं. नव्या चेनच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. एक सूत, म्हणजे आठवा भाग इंच, वाढल्या तर दाते खाल्ले गेले समजा. अर्ध्या सुतालाच चेन बदलली तर फ्रीव्हील वाचतं.

सहावा मुद्दा तर कमालच: ‘उन्हाळ्यात टायर फुटतो, अर्धीच हवा भरा.’ आपल्याकडे 45 अंश काही नवं नाही. 25 अंशांना 50 पाउंड भरलेली हवा टायर 60 अंशांपर्यंत तापला तरी 58 च्या आतच राहते. एवढ्यानं धड टायर फुटत नाही. फुटतो तो आधीच जास्त भरलेला, नाहीतर कडेनं फाटलेला. अर्ध्या हवेत मात्र खड्ड्यात रिंग ट्यूबला चिमटते आणि दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. टायरच्या बाजूला आकडा छापलेला असतो, तो वाचा.

मेसेजमध्ये जे नाही, ते आम्हाला महागात पडलं. भाचीच्या सायकलचं चाक 27.5 इंची. बाभळीचा काटा आठवड्याला एक ठरलेला. आणि आमच्या तालुक्याच्या बाजारात 28 ची ट्यूब पानटपरीच्या शेजारीही मिळते, 26 चीही मिळते, 27.5 ची विचारली तर दुकानदार म्हणतो, “नागपूरहून बोलवा लागते भाऊ.” दोन बोलावल्यात. एक तिच्या दप्तरात, एक भाऊजींच्या कपाटात.