पट्टी शून्यावर, उजेड तसाच!

रात्रीचे साडेअकरा. बेळगावातल्या वडगावात करंट गेलेला, बाहेर पावसाची झोड, आणि अंधाऱ्या खोलीत माझ्या लॅपटॉपचा पडदा मंडपातल्या फोकससारखा पेटलेला. शेजारच्या कॉटवर सासूबाई. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस. बोलल्या काही नाहीत, फक्त पदर डोळ्यांवर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. तिथं माझं डोकं फिरलं.

उजेड कमी करायची कळ दाबली. पडद्यावर ती पट्टी येते ना, ती आली. एक घर खाली, दोन घरं खाली, दाबत दाबत शून्यावर नेली. उजेड जागचा हलला असेल तर शपथ! पट्टी म्हणते शून्य, आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी वाचता येतेय! कळच मेली असती तर मी एवढी चिडले नसते. बिघडलं, संपलं. पण हे तोंडावर खोटं बोलणं आहे. ‘केला हो कमी’ म्हणायचं आणि काडी हलवायची नाही. घरात एखादं माणूस असं वागलं तर आपण त्याच्याशी बोलणं टाकतो.

शेवटी पडद्यावर ओढणी टाकली आणि ओढणीतून पत्रिका तपासत बसले. लग्न खानापूर तालुक्यातलं, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, सकाळी आठला छपाईला द्यायची. ओढणीआडून जोडाक्षरं वाचायची म्हणजे काय असतं ते मला विचारा. त्यात बॅटरी. पडद्याचा दिवाच सगळ्यात जास्त खातो, आणि तोच कमी होत नाही. करंट कधी येणार ते कुणाला ठाऊक.

लॅपटॉप २०१२ चा, विंडोज ८ यायच्या आधीचा. भाच्याने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी सिस्टीम घालून दिली तेव्हाच हा तमाशा एकदा झाला होता. बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याच्या, फोल्डरात दोन नावं होती, एसीपीआय_व्हिडिओ० आणि इंटेल_बॅकलाइट. पडदा एक, कारभारी दोन. पहिला बायोसच्या, म्हणजे कंपनीने मशीनमध्येच भरून दिलेल्या प्रोग्रामच्या, मार्फत बोलतो. दुसरा थेट ग्राफिक्स चिपच्या रजिस्टरमध्ये आकडा लिहितो. पडद्यामागचे दिवे सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असतात, त्यातला ‘चालू’चा वाटा तो कमी-जास्त करतो. माझ्या मशीनवर पहिल्याच्या सगळ्या मिळून दहा पायऱ्या आणि एकीचाही उपयोग नाही. दुसऱ्याच्या ४८८२, आणि प्रत्येक खरी. पण डेस्कटॉप ऐकणार पहिल्याचंच! नियमच तसा आहे. आधी फर्मवेअरचा, म्हणजे बायोसवाल्याचा, मान, मग कंपनीच्या खास ड्रायव्हरचा, आणि जो खरोखर दिव्याला हात घालतो तो ‘रॉ’ सगळ्यांत शेवटी. म्हणून भाच्याने एक छोटी स्क्रिप्ट दिली, सरळ दुसऱ्याच्या फाइलीत आकडा लिहिणारी. तीन वर्षं कसलीही तक्रार नाही.

गेल्या आठवड्यात अपडेट घेतलं. काल ती स्क्रिप्ट चालवली तर म्हणते, अशी फाइलच नाही. फोल्डर उघडलं तर एकच नाव उरलेलं. कुणाचं? त्याच थापाड्या पहिल्याचं! कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच्या ६.१ पासून म्हणे एका पडद्याला एकच बॅकलाइट. अहो, बरोबर आहे, दोन नकोतच. पण एक ठेवायचा तर जो काम करतो तो ठेवा ना!

आणि निवड कशी होते ते वाचून तर मी उठून उभी राहिले. बायोस मशीन सुरू होताना सिस्टीमला विचारतो, तू विंडोज २०१२ आहेस का? म्हणजे विंडोज ८. ज्याने हे विचारलं तो नव्या पिढीचा, त्याच्या बाबतीत ग्राफिक्स ड्रायव्हरवर भरवसा. माझा जुना बायोस हे विचारतच नाही, म्हणून त्याचा शब्द खरा धरायचा. कंपनीने लिहिलंय ना, मग चालत असणार! चालत नाही! बायोसमधली बीसीएल नावाची सोय उजेडाच्या पातळ्यांची यादी देते, बीसीएम पातळी लावून घेते, बीक्यूसीला विचारलं की आपणच दिलेला आकडा परत मिळतो. कागद सगळे जागेवर आणि दिव्यापर्यंत काहीही पोचत नाही.

आणि जे बायोस तो प्रश्न विचारतात त्यांना लिनक्स ‘हो’ म्हणतं. विंडोज नसताना. ‘मी लिनक्स’ म्हणणाऱ्यासाठी कंपन्यांनी धड काही लिहूनच ठेवलेलं नसतं, म्हणून दुसऱ्याचं नाव सांगून आत शिरायचं. हे वाचलं आणि पोटात कालवलं. मागच्या महिन्यात उताऱ्यासाठी एका कार्यालयात गेले होते. अर्ज फक्त कन्नडात, मराठी माणसासाठी तिथंही काही लिहून ठेवलेलं नाही. मला कन्नड वाचता येतं, टाइप करता येतं, त्यावर माझं पोट चालतं, आणि मला ती भाषा आवडते. पण माझ्यामागे जांबोटीकडचे एक आजोबा हातात कोरा अर्ज घेऊन तासभर उभे होते. ‘पोरी, यात माझं नाव कुठं लिहायचं गं?’ म्हणाले. त्यांचा अर्ज मी भरला. रोज कोण भरणार?

आणि तो दुकानदार! पहिल्यांदा असं झालं तेव्हा बाजारात एकाकडे नेला होता. मशीन चालूसुद्धा केलं नाही त्यानं. ‘वहिनी, डिस्प्लेचा इन्व्हर्टर गेलाय बघा, बदलाय लागतंय. साडेतीन हजार.’ एलईडी पडद्याला इन्व्हर्टर नसतोच! तो जुन्या ट्यूबवाल्या पडद्यांना असायचा. बाई बघितली की काहीही सांगायचं. इंटरनेटवरचे सल्लागार त्याचेच भाऊ. प्रश्न अर्धा वाचायचा आणि खाली ठोकून द्यायचं, ‘ड्रायव्हर अपडेट करा.’ अपडेट केला म्हणूनच तर ही वेळ आली!

फोनवर शोधत शोधत, नेटवर्क येत-जात, एक वाजता उत्तर मिळालं. ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्स उठवणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलीत एक शब्द वाढवायचा, एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह, म्हणजे कारभार दुसऱ्याकडे. ग्रब अपडेट, रीस्टार्ट, कळ दाबली, आणि उजेड उतरला. एका शब्दाचं काम! कर्नलच्या कोडात अशा नाठाळ मॉडेलांची नावानिशी यादीच आहे. जगभरातल्या लोकांनी आपापल्या मशीनची तक्रार कळवून कळवून ती वाढवलीय. कंपन्यांनी विकायच्या आधी एकदा कळ दाबून पडद्याकडे बघितलं असतं तर या यादीची गरज काय होती? माझं मॉडेल तिच्यात नाही. आज पाठवणार आहे.

पण तोवर सासूबाईंच्या चार दिवसांच्या डोळ्यांवर दीड तास तो फोकस होता. आणि सकाळी पत्रिका छपाईला गेल्यावर पुन्हा उघडून बघितली, तर ओढणीखाली कणकुंबीचा अनुस्वार सुटलाय. ‘कणकुबी’. पाचशे प्रती. आता छापखान्याला फोन लावतेय, आणि तो उचलत नाहीये.