यूज टू, यूज्ड टू आणि मामांची मुक्कामी गाडी

आज सकाळी चहा घेताना आमच्या घरच्या ग्रुपवर एक क्लिप आली आणि डोकंच फिरलं. कुठल्यातरी इंग्लिश स्पीकिंग क्लासवाल्याची. एक मुलगी, बोलण्यावरून आपल्याच बाजूची, घाबरत घाबरत म्हणते, 'आय हॅड गॉन टू पुणे यस्टर्डे.' लगेच मागून तो विकतचा हशा, स्क्रीनवर लाल फुली, आणि सर कपाळाला हात लावून बसलेत. खाली आमच्याच घरातल्यांचे लोळून हसणारे इमोजी. जन्मभर 'आय ॲम नॉट नोइंग' म्हणत आलेले लोकही त्यात होते.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते हे तुम्हाला माहीत आहेच. त्यामुळे राग थोडा धंद्याचाही आहे असं समजा.

पोरगी चुकली, बरोबर. 'यस्टर्डे' आलं की 'आय वेन्ट'. 'हॅड गॉन' लागतं ते झालेल्या एका गोष्टीच्या आधी झालेली दुसरी सांगायला. मी स्टँडवर पोचले तोवर गाडी सुटली होती, तसं. पण ती असं का म्हणाली, याचा विचार त्या सरांनी केला का? 'तो पुण्याला गेला' म्हटलं तर गडी अजून पुण्यातच असू शकतो. 'गेला होता' म्हटलं की जाऊन आला, विषय मिटला. हा फरक तुम्ही-आम्ही दिवसातून दहादा करतो, कोणी शिकवलेला नसताना. त्या मुलीनं तो 'होते' इमानदारीनं इंग्रजीत नेला आणि तिथं तिला 'हॅड' दिसला. जिची स्वतःची भाषा पक्की असते तीच अशी चुकते. आणि हसतात कोण, तर ज्यांना आता धड 'गेले होते'ही म्हणता येत नाही ते. 'मी काल पुणे व्हिजिट केलं' म्हणे.

मला मामा आठवले. माझे मामा एसटीत कंडक्टर होते, वाई डेपोला. काही वर्षांपूर्वी मामेभाऊ अमेरिकेहून आला तेव्हा ऑफिसातला एक गोरा मित्र बरोबर घेऊन आला होता. पडवीत चहा चालला होता. पाहुण्यानं सहज विचारलं, तुम्ही काय काम करत होता? मामा खूश. जुनी अकरावी झालेला माणूस, वर्तमानपत्रातलं इंग्रजी वाचणारा. सुरू झाले: 'बस यूज टू गो इन इव्हनिंग. नाइट हॉल्ट. मी अँड ड्रायव्हर यूज टू स्लीप इन टेम्पल. वन ओल्ड लेडी यूज टू ब्रिंग भाकरी.' पाहुण्यानं कप खाली ठेवला होता. डोळे मामांवर. आणि मामांचे चिरंजीव मध्येच म्हणाले, 'बाबा, यूज्ड. यूज्ड टू. डी म्हणा, डी.'

मामा थांबले. 'यूज्... ड,' म्हणाले. पुढचं सगळं मराठीत सांगितलं. पोरानं त्याचं दोन वाक्यांत भाषांतर केलं आणि विषय पुण्याच्या ट्रॅफिकवर गेला.

आता ऐका गंमत. भूतकाळच्या सवयीच्या त्या 'यूज्ड टू'मधला 'ड' अस्सल इंग्रज माणूससुद्धा उच्चारत नाही. पुढचा 'टू'चा 'ट' त्याला गिळून टाकतो, ऐकू येतं ते 'यूस्टू'. म्हणजे मामांचं बोलणं साहेबाच्या कानाला अगदी सरळ लागलं असणार. लिहिताना 'ड' हवाच, तो मी वहीत लाल पेनानं घालतेच. पण पडवीत कुठली वही होती? शिवाय 'डिड यू यूज टू स्लीप देअर?' असा प्रश्न विचारला की 'डिड' आल्यामुळे तो 'ड' जायला हवा, आणि तिथं खुद्द इंग्रजी बोलणारेही लिहिताना घोळ घालतात. त्यांना कोणी फुली मारत नाही.

खरा मुद्दा वेगळाच आहे. मामा मराठीत जे सांगत होते ते कान देऊन ऐकलं असतं तर इंग्रजीचं अख्खं प्रकरण त्यात होतं. 'मुक्कामी गाडी असायची. संध्याकाळी सुटायची. पोचेतो अंधार. आम्ही देवळात झोपायचो. एक म्हातारी भाकरी अन् कोरड्यास घेऊन यायची, ड्रायव्हर तिला खाऊन झाल्यावर पाया पडायचा.' आजी असती तर म्हणाली असती, 'म्हातारी यायची, भाकरी देई, आणि निघून जाई.' देई, जाई, येत असे, यायची. इतक्या तऱ्हा आहेत आपल्याकडे रोज घडून गेलेली, आता न घडणारी गोष्ट सांगायच्या. मराठीच्या तासाला 'रीती भूतकाळ' म्हणून पोरं हे घोकतात. पुढच्या तासाला त्याच वर्गात 'यूज्ड टू' येतं, आणि या दोघांची ओळख करून द्यायचं कोणाच्या मनात येत नाही. एका बाकावरची दोन पोरं, वर्षभर एकमेकांशी बोललेली नाहीत, तसं चाललंय.

त्याऐवजी आपण काय करतो? बारा काळांचा तक्ता. सब्जेक्ट अधिक हॅड अधिक क्रियापदाचं तिसरं रूप. पोरं तक्ता पाठ करतात, परीक्षेत ओततात, घरी जाऊन विसरतात. सन 2000 पासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे. आम्हाला पाचवीत एबीसीडी भेटली. चार वर्षं वाढली आणि तक्ता तोच.

'वुड'ची तर वाटच लावलीय. 'वुड यू लाइक टी?' एवढंच 'वुड' पोरांना ठाऊक. हाच शब्द जुन्या सवयी सांगायला येतो, हे दहावी होऊन गेलेल्यांनाही माहीत नसतं. इंग्रजी माणूस आठवणी सांगताना आधी 'यूज्ड टू'नं जागा-वेळ मांडून घेतो, 'वी यूज्ड टू स्लीप इन द टेम्पल', आणि मग 'वुड'वर घसरतो: 'ॲन ओल्ड वुमन वुड ब्रिंग अस भाकरी, द ड्रायव्हर वुड टच हर फीट.' सारखं 'यूज्ड टू, यूज्ड टू' कानाला टोचतं. आजीचं 'यायची' आणि मग 'देई, जाई' तसंच नव्हे का? हुबेहूब जुळत नाही, कबूल. 'वुड' फक्त घडणाऱ्या गोष्टींना चालतं, असणाऱ्या गोष्टींना चालत नाही. देवळापुढे पिंपळ असायचा, तिथं 'यूज्ड टू बी'च. 'आय वुड लिव्ह इन वाई' म्हणालात तर ऐकणारा विचारेल, मग राहा ना, अडवलंय कोणी? पण एवढं समजायला तक्ता लागत नाही, दहा मिनिटं मामा लागतात.

बरं, मामा एक चूक खरंच करायचे, ती सांगते. 'आय यूज टू वर्क थर्टी इयर्स इन एसटी.' किती वर्षं ते मोजून सांगितलं की 'यूज्ड टू' नको, साधं 'आय वर्क्ड'. आणि 'आय ॲम यूज टू वेक अप फोर ओ'क्लॉक', तेही गडबडीचं. तिथं सवय अजून अंगात आहे, म्हणून 'ॲम यूज्ड टू वेकिंग अप'. तसे मामा आजही चारलाच उठतात, त्यामुळे अर्थ तरी खरा होता.

हो, मुलाखतीत 'हॅड गॉन' म्हटलं तर नोकरी जाऊ शकते. माहीत आहे मला. म्हणूनच शिकवते ना! पण शिकवणं आणि हशा लावणं यात फरक आहे. त्या मुलीला पुढच्या वेळी कोणी विचारलं, काल कुठं होतीस, तर ती 'वेन्ट' म्हणणार नाही. गप्प बसेल. मामांसारखी.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. मामेभावावरही नाही राहिला. त्याला कॉलेजात कोणीतरी असंच हसलं असणार, ते त्यानं बापावर काढलं.

गेल्या वर्षी नववीला तक्ता बाजूला ठेवून सांगितलं, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, ते लहानपणी काय करायचे ते मराठीत लिहून आणा, मग आपण इंग्रजी करू. एका मुलीनं लिहिलं: 'माय ग्रँडमदर यूज्ड टू बी अफ्रेड ऑफ हर मदर-इन-लॉ. शी वुड हाइड जॅगरी इन द राइस डबा.' भीती असायची, म्हणून 'यूज्ड टू बी'. गूळ लपवायची, म्हणून 'वुड'. तक्त्यातलं एकही सूत्र न सांगता. 'जॅगरी'त एकच 'जी' होता आणि 'डबा' तर सरळ देवनागरीत. पैकीच्या पैकी दिले. हेडसरांनी विचारलं तर बघू.