खुलासा: रोज डिप्लॉय म्हणजे ‘लेव्हल 5’ नव्हे

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कपासून मिहानपर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘रोज डिप्लॉय करणारी टीम डेव्हऑप्समध्ये लेव्हल 5, बाकीच्या मागास.’ हे चुकीचं आहे. (डिप्लॉय म्हणजे नवा कोड प्रत्यक्ष वापरात आणणं; डेव्हऑप्स म्हणजे कोड लिहिणाऱ्यांनी आणि सिस्टिम चालवणाऱ्यांनी मिळून काम करायची पद्धत.) एका मॅनेजरनं यावरून ज्युनिअर पोरांना डिप्लॉयचं टार्गेट लावल्याचं कळलं, म्हणून हे लिहितोय.

इथं दोन गोष्टींची खिचडी झाली आहे. पाच लेव्हल सीएमएमआयच्या, म्हणजे संस्थेची कामाची पद्धत किती परिपक्व आहे हे ठरवणाऱ्या मॉडेलच्या. ते मॉडेल कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये घडलं आणि 2016 पासून इसाका या आयटी व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे आहे. त्यात संस्थेची कामाची पद्धत तपासतात, डिप्लॉय मोजत बसत नाहीत. मिळालेली लेव्हलही कायमची नसते, 3 वर्षांनी पुन्हा मूल्यांकन करावं लागतं.

डिप्लॉय किती वेळा होतो, हे डोराचं, म्हणजे सॉफ्टवेअर टीमच्या कामगिरीवरच्या एका संशोधन कार्यक्रमाचं, मोजमाप. पण ते एकटं कधीच वाचायचं नसतं. कोड कमिट झाल्यापासून (प्रोजेक्टच्या कोडमध्ये नोंदवल्यापासून) प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टिमवर, पोचायला किती वेळ लागला, किती बदलांमुळे बिघाड झाला आणि त्यातून सावरायला किती वेळ गेला, हेही सोबत बघावं लागतं. रोज डिप्लॉय करून रात्री रोलबॅकला (बिघडलेला बदल मागे घ्यायला) जागणाऱ्या टीमला परिपक्व कसं म्हणायचं? शिवाय हे आकडे एका ॲप्लिकेशनचे, त्याच्याच मागच्या आकड्यांशी ताडायचे. बँकेच्या सिस्टिमची तुलना मोबाइल ॲपशी केली, तर दोन्ही टीमवर अन्याय होतो.

टार्गेट लावलं की पोरं रिकामे बदल ढकलतात. आकडा वाढतो, टेस्टिंग मात्र तिथंच राहतं. टार्गेट लावणाऱ्यांनी आधी मागच्या तीन महिन्यांतले बिघाड टीमसोबत बसून वाचावेत.