कॉमेट विमान चौकोनी खिडक्यांमुळेच पडले का?

‘जगातील पहिले प्रवासी जेट विमान कॉमेट चौकोनी खिडक्यांमुळे पडले, अडाणी अभियंत्यांनी त्याची चाचणीच घेतली नव्हती, कोलकात्याजवळचे कॉमेटही खिडक्यांनीच पाडले, आणि ब्रिटिश सरकारी कंपनी बीओएसीने सारे ठाऊक असूनही उड्डाणे चालू ठेवली,’ हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. आता माझ्या भाच्याने तो अभियांत्रिकीच्या वर्गातील सादरीकरणात जसाच्या तसा उतरवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

खिडक्यांपुरते अर्धसत्य मान्य करतो. त्यांच्या कोपऱ्यांशी ताण अपेक्षेपेक्षा बराच अधिक होता. परंतु ते कोपरे काटकोनी नव्हते, त्यांना गोलाई होती; आणि 10 जानेवारी 1954 रोजी एल्बा बेटाजवळ कोसळलेल्या विमानाच्या अवशेषांत पहिली फूट आढळली ती छपरावर, दिशाशोधक अँटेनासाठी कापलेल्या झरोक्यापाशी.

चाचणीबाबतचे विधान मात्र निव्वळ थाप आहे. कॉमेट बनवणाऱ्या डी हॅविलंड कंपनीने विमानाच्या पुढील भागावर हवेचा दाब, उड्डाणात चढतो-उतरतो तसा, सुमारे 16,000 वेळा चढवून उतरवला होता. फसगत झाली ती अशी की, मजबुती पाहण्यासाठी त्याच भागावर आधी नेहमीच्या दुपटीपर्यंत दाब दिलेला होता. त्या दाबाने कोपऱ्यांजवळचा पत्रा किंचित कायमचा ताणला गेला, दाब उतरल्यावर भोवतालच्या धातूने त्याला आवळून धरले, आणि म्हणून तेथे तडा जायला फार उशीर लागला. प्रवासी नेणारी विमाने एवढ्या दाबाखालून कधी गेलीच नव्हती. फार्नबरो येथील ब्रिटिश सरकारी विमानसंशोधन केंद्रात सेवेतील एक अख्खे विमान पाण्याच्या टाकीत बसवून, तसाच दाब चढवून-उतरवून तपासले, तेव्हा आधीची उड्डाणे धरून 3,057 आवर्तनांत ते फुटले. एल्बाच्या विमानाची तर 1,290 उड्डाणेच झाली होती. लॉर्ड कोहेन यांचा 1955 चा चौकशी अहवाल डोळ्यांखालून घातला असता, तर हा मजकूर लिहिण्याचे धाडस कोणी केले नसते.

कोलकात्याचा अपघात वेगळा. 2 मे 1953 रोजी दमदमहून दिल्लीकडे निघालेले ते विमान वादळात मोडले आणि 43 जण मृत्युमुखी पडले. भारतीय चौकशीनेही वादळाकडेच बोट दाखवले.

राहिली बीओएसी. एल्बानंतर तिने उड्डाणे थांबवली, पण कारण सापडलेले नसतानाच 23 मार्चला पुन्हा सुरू केली आणि 8 एप्रिलला नेपल्सजवळ आणखी एक कॉमेट पडून 21 जण गेले. ही अक्षम्य घाई होती, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. परंतु त्या घाईला मंत्र्यांचीही संमती होती, आणि धातूच्या थकव्याने, म्हणजे वारंवार पडणाऱ्या ताणाने तडा जाऊन, विमान इतक्या लवकर फुटेल हे तेव्हा कारखान्यालाही ठाऊक नव्हते.