नीट ठेवले आहे

शाळा उघडण्यापूर्वी घर आवरावे, हा विचार ज्या कुटुंबाला 14 जूनच्या दुपारी जेवणे उरकल्यावर सुचतो, त्या कुटुंबाला आवराआवरीचे शास्त्र उमगले आहे असे खुशाल समजावे. मे महिन्यातच कंबर कसणारी माणसे उतावळी असतात. मे महिन्यात वर्षाचा गहू यायचा असतो, गच्चीवर कुरडया वाळत असतात, मुले मामाकडे असतात आणि नाशिकच्या उन्हात माळ्यावर चढलेल्या माणसाला खालून पाणी द्यायलाही कोणी उठत नाही. शिवाय मे महिन्यात आवरलेले घर जूनच्या मध्यापर्यंत आवरलेले राहील, अशी हमी कोणी द्यायची? म्हणून तुम्ही 14 तारखेलाच हात घाला. वेळ कमी असला की निर्णय लवकर होतात, आणि जे होत नाहीत ते दिवाळीवर ढकलता येतात.

या सगळ्या उपक्रमाचा हेतू मात्र आधी स्पष्ट असावा. मुलांना अभ्यासाला स्वतःची जागा मिळावी, एवढाच तो हेतू आहे. ती जागा बहुतेक घरांत असतेच. आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये ती खिडकीपाशी आहे. 2020 साली शाळा बंद होऊन वर्ग मोबाइलवर भरू लागले, तेव्हा थोरलीसाठी घाईघाईने घेतलेले ते टेबल आहे. वर्ग पुन्हा शाळेत भरू लागल्यावर त्या टेबलावर प्रथम इस्त्रीचे कपडे आले, मग मिक्सरचा रिकामा खोका आला, मग एका आत्याने दिलेली आणि दुसऱ्या आत्याला द्यायची असलेली साडी आली, आणि हळूहळू त्याचे लाकूड दिसेनासे झाले. नवशिके लोक इथे एक घोर चूक करतात. ते थेट टेबलावरच्या वस्तू उचलायला लागतात. तसे केल्यास अर्ध्या तासात काम संपून जाईल आणि उरलेला दिवस तुम्ही काय कराल?

नीट विचार करा. टेबलावरच्या वस्तू कपाटात जायच्या, तर कपाटात जागा हवी. कपाटातल्या गोधड्या दिवाणात जायच्या, तर दिवाण मोकळा हवा. दिवाणात जे आहे ते माळ्यावर जायचे, आणि माळ्यावर तर कबुतरालाही शिरता येत नाही. तेव्हा सुरुवात माळ्यापासूनच करणे क्रमप्राप्त आहे. स्वयंपाकघरावरचा, न्हाणीघरावरचा आणि पॅसेजमधला, असे तिन्ही माळे एकाच वेळी रिकामे करा आणि त्यांतले सर्व काही हॉलमध्ये आणून मांडा. हॉलमधून दाराकडे जायला एक माणूस आडवा होऊन सरकेल एवढी वाट ठेवली की पुरे.

प्रथम खाली येतील त्या गाद्या. नाशिकच्या घरातील गाद्यांचे वय सिंहस्थावरून काढतात. आमच्या सहा गाद्या 2015 च्या आहेत. गावोगावचे नातेवाईक गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, स्नानाला येणार, म्हणून कापूस पिंजून त्या भरून घेतल्या होत्या. प्रत्यक्षात चार माणसे आली आणि त्यांतली दोन त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने परत गेली. गेली कित्येक वर्षे या गाद्या दर जूनमध्ये खाली येतात, त्यांच्यावर यथाशक्ती काठी मारली जाते आणि त्या काढून टाकाव्यात असा ठराव मांडला जातो. या ठरावाला बारा वर्षांच्या चक्राच्या पहिल्या सहा वर्षांत ‘आत्ताच तर केल्यात’ हे उत्तर द्यावे आणि पुढच्या सहा वर्षांत ‘आता सिंहस्थ आलाच’ हे द्यावे. 2027 तर अगदीच तोंडावर आहे. अशा वेळी गाद्या काढणारा माणूस नाशिककर म्हणवून घ्यायला पात्र नाही.

गाद्यांच्या मागे तांब्याचा बंब निघेल. हे शहर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले, आणि जुन्या नाशकातला वाडा सोडताना माणसांनी चुली सोडल्या, पण बंब सोडला नाही. गॅसचा गीझर आल्यापासून तो पेटलेला नाही. पेटवायचा म्हटले तर चौथ्या मजल्यावर लाकडे आणि धूर यांचे काय करणार? तरीही त्याच्याविषयी वाईट बोलण्यापूर्वी माझी आई खोलीत आहे का, ते पाहून घ्यावे. तिच्या मते बंब मोडीत घालणे आणि घरातल्या माणसाला मोडीत घालणे यांत फारसा फरक नाही. तिला उलट उत्तर देण्याची सोय नाही, कारण मोडीचा भाव विचारून आलेला मीच होतो, हे तिला अजून आठवते.

आता पुस्तकांकडे वळू, कारण शाळेचे निमित्त आहे. पुस्तकांचे तीन ढीग करावेत, असे सर्वत्र सांगितले जाते: ठेवायचे, द्यायचे आणि रद्दीत घालायचे. तुम्ही चौथा ढीग करा आणि त्याला ‘बघू’ असे नाव द्या. संध्याकाळपर्यंत पहिले तीन ढीग आपोआप त्यात विलीन होतात. थोरलीची पहिलीची पुस्तके आम्ही 2019 पासून धाकट्यासाठी जपली. खाकी कव्हर, वर नावाचे लेबल, कोपरे दुमडू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठा, असा सगळा सरंजाम होता. 2025 च्या जूनमध्ये धाकटा पहिलीत गेला आणि त्याच वर्षी बालभारतीने पहिलीला नवी पुस्तके आणली. याचा अर्थ जुनी पुस्तके निरुपयोगी झाली असा कोणी काढील, तर त्याला दूरदृष्टी नाही. अभ्यासक्रम एकदा बदलतो, तसा तो पुन्हाही बदलू शकतो, आणि बदलता बदलता मूळपदावर आला तर जिल्ह्यात आम्हीच तेवढे तयारीत असू.

दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न शासनाने 2015 मध्येच मनावर घेतला होता. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून अधिक नसावे, असे त्यात ठरले, म्हणजे आमच्या 22 किलोच्या धाकट्याने सव्वादोन किलोही उचलू नये. नियम उत्तम आहे. मात्र तो दप्तरापुरता आहे, घरापुरता नाही, आणि दप्तरातून काढलेले वजन हवेत विरत नाही, हे कोणी लक्षात घेतले नाही. ते घरी येते. 2023 मध्ये दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत मुलांनी नोंदी कराव्यात म्हणून कोरी पाने घातली गेली आणि ओझे वाटून जावे म्हणून वर्षाच्या अभ्यासाचे चार भाग पाडले गेले. पाठीवर एक भाग आणि फळीवर तीन, अशी ती विभागणी होती. पुढे 2025 मध्ये ती योजना मागे घेतली गेली. फळी मात्र अजून मागे घेतलेली नाही. ही पुस्तके रद्दीत घालावीत म्हटले, तर त्यांत अर्धी पाने कोरी आहेत, आणि कोरे पान रद्दीत घालण्याचे पातक मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या हातून घडत नाही.

वह्यांचेही तेच. चौरेघी, दुरेघी, चौकटीची, दोनशे पानी, अशा प्रत्येक वहीची पहिली चाळीस पाने सुवाच्य अक्षरात भरलेली आणि पुढची सगळी पांढरीशुभ्र असतात. ती फाडून, दाभणाने शिवून त्यांची ‘रफ वही’ करायची आहे. कोरी पाने फाडून ठेवण्यापर्यंतचे काम आमच्याकडे नियमाने होते. दाभण गेल्या वर्षी नीट ठेवला आहे.

हा ‘नीट ठेवणे’ हा प्रकार सर्वांत महत्त्वाचा असल्याने तो सविस्तर समजून घ्यावा. समोर पडलेली वस्तू पसारा असते. ती डब्यात गेली, डबा पिशवीत गेला आणि पिशवी बॅगेत गेली की ती नीट ठेवलेली होते. नीट ठेवलेल्या वस्तूची खूण अशी, की ती कुठे आहे हे कोणालाही सांगता येत नाही, परंतु ती घरातच आहे याविषयी सर्वांचे एकमत असते. मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाची कार्डे, पावसाळी बूट, कंपासमधला गुण्या आणि चालू असलेला एकमेव छोटा स्क्रू ड्रायव्हर या आमच्या घरातल्या अत्यंत नीट ठेवलेल्या वस्तू आहेत. कुठली वस्तू एवढी नीट ठेवायची, हे ठरवताना ती उद्या लागणार आहे का, एवढाच विचार करावा. लागणार असेल तर ती सर्वांत आत जावी.

घरातून काहीच बाहेर जाऊ नये, असे मात्र माझे मत नाही. दारावर बोहारीण आली की नऊ शर्ट, सहा पँट आणि जरीचा काठ असलेली एक साडी तिला अवश्य द्यावी. तासभर घासाघीस करून त्या बदल्यात प्लॅस्टिकचा एक मोठा टब पदरात पाडून घ्यावा. शर्ट कपाटात घड्या घालून गुपचूप बसले होते. टबाची घडी होत नाही. तो कुठे ठेवायचा, यावर रात्री जेवताना चर्चा करावी. तसेच पसारा भरून ठेवण्यासाठी बुधवारी गंगेवरच्या बाजारातून झाकणाचे डबे आणावेत. एका मापाचे आणू नयेत, नाहीतर ते एकात एक बसतात आणि त्यांनी काही जागा व्यापल्यासारखे वाटत नाही. आमच्या घरी पसारा ठेवायला आणलेले चौदा डबे आहेत आणि ते ठेवायला पंधरावा घ्यायचा विचार आहे.

घरातील पुरुषाने या कामात कोणती भूमिका घ्यावी, असे विचारले जाते. त्याने हॉलच्या मधोमध खुर्चीवर बसून जुने फोटो पाहावेत आणि अधूनमधून ‘अरे, हे टाकू नका’ असे म्हणावे. त्याची स्वतःची एक खोकी असते. तिच्यात बंद पडलेल्या मोबाइलचे चार्जर, कशाच्या तरी तारा आणि 2011 च्या विश्वचषकाची वर्तमानपत्रे असतात. ही खोकी आवराआवरीच्या कक्षेत येत नाही. पत्नीने तिच्याकडे नुसते पाहिले, तरी तिचे कपाट कधी उघडून पाहायचे, असा प्रश्न शांतपणे टाकावा. त्यानंतर तासभर घरात कोणी कोणाशी बोलत नाही आणि काम झपाट्याने होते.

रात्री साडेदहाच्या सुमारास घंटागाडीत द्यायचे म्हणून जे बाजूला काढले असेल, ते घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीसमोरून एकदा फिरवावे. आमच्याकडे या फेरीनंतर एक फुटकी बादली आणि थर्मोकोलचे दोन तुकडे उरले. त्यांतली बादली कुंडी म्हणून परत आत आली. मग बाकी सगळे उलट क्रमाने पुन्हा वर चढवावे. जे दुपारी सहज उतरले ते रात्री चढत नाही, हा या वस्तूंचा गुणधर्म आहे, त्यामुळे शेवटी पाच-सात नग उरतातच. एक टब, काही झाकणे, ‘बघू’ ढिगाचा उत्तरार्ध, असे काहीबाही. त्यांची सोय टेबलावर करावी. खिडकीपाशी हवाही चांगली असते.

एवढे करून निजानीज करण्यापूर्वी हॉलमध्ये एक फेरी मारून यावे. धाकटा तिथे एकुलत्या एका गादीच्या वळकटीवर पालथा पडून, जीभ बाहेर काढून, उद्याच्या नव्या वहीला खाकी कव्हर घालत असेल. कात्री, चिकटपट्टी आणि लेबले त्याने हाताशी मांडलेली असतील. त्याला तिथून उठवा. ती सहावी गादी अजून माळ्यावर टाकायची राहिली आहे.