‘ऊन फुकट आहे, मग ड्रायर कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

अरुण मुजुमदार यांच्या वाळवणाच्या संशोधनावरील लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. मराठवाड्यात ऊन फुकट असताना वीज का जाळायची? कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातलं संशोधन वसमतच्या हळदीला काय कामाचं? आणि वाळवताना ड्रायरचा हीटर मध्येच बंद ठेवला तर माल कुबट होणार नाही का?

आधी हळद. ती विजेवर वाळवा असं लेखात कुठेही नाही, आणि कुणी तसं सांगितलं तर ऐकूही नका. शिजवलेली हळद ५ ते ७ सेंटिमीटरच्या थरात पसरायची, रात्री ढीग करून हवा खेळेल अशी झाकायची. १० ते १५ दिवसांत वाळते. त्या ढिगात रात्रभर हळकुंडाच्या गाभ्यातली ओल सालीकडे सरकते आणि सकाळच्या उन्हात पटकन उडते. मुजुमदारांनी थांबत-थांबत वाळवण्यावर जे काम केलं, त्याचं तत्त्व हेच. तुमच्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

कांद्याचं गणित मात्र वेगळं. सोललेल्या १०० किलो कांद्यात साधारण ८६ किलो पाणी असतं. ६ टक्के ओलाव्याचे काप हवे असतील तर हाती १५ किलो लागतात, ८५ किलो पाणी उडवावं लागतं. एक किलो पाण्याची वाफ करायला किमान ०.६७ युनिट उष्णता लागते, म्हणजे एकूण ५७ युनिट. यातून उन्हाचीही सुटका नाही. चौरस मीटरवर दिवसाला साडेपाच युनिट ऊन आणि सोलर ड्रायरची कार्यक्षमता ३० टक्के धरा: एवढा माल एका दिवसात वाळवायला ३५ चौरस मीटर ड्रायर लागेल. ऊन फुकट, ड्रायर नाही. उघड्यावर टाकला तर धूळ बसते, आणि दमट रात्री वाळलेले काप ओल धरून मऊ पडतात. त्यात अवकाळी आला की संपलंच.

४० टक्के कार्यक्षमतेच्या, विजेवरच्या ट्रे ड्रायरला याच मालासाठी १४० युनिट लागतात. वरची ८० युनिट मुख्यतः बाहेर सोडलेल्या गरम हवेतून जातात, आणि संशोधन कामी येतं ते इथेच.

३-४ मिलिमीटर जाडीच्या कापांचा एक ट्रे नमुना म्हणून ठेवा. सुरुवातीला वजन २ किलो. ते ५६० ग्रॅमवर आलं की ओलावा ५० टक्के राहिला आणि काढायच्या पाण्यातलं ८५ टक्के गेलं. शेवटचं वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. ५६० ग्रॅम होईपर्यंत पंखा पूर्ण, बाहेरची झडप उघडी. या टप्प्यात तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे: हवा थांबली की काप चिकट होतात, आंबूस वास सुटतो. सुरुवातीला हवा ७० अंशांवर असली तरी चालते, कारण पृष्ठभागावरचं पाणी उडताना काप थंड राहतो, तीस-पस्तीस अंशांच्या पुढे फारसा जात नाही.

त्यानंतर पाणी गाभ्यातून जेवढं येईल तेवढंच उडतं. पंखा कितीही फिरवा. बाहेर पडणारी हवा जवळपास कोरडीच निघते, म्हणजे आपण गावची हवा तापवत बसतो. इथे झडप आठ आणे नव्हे, चौदा आणे बंद करून तीच हवा आत फिरवा, तापमान ५५ ते ६० वर आणा. ७० वरच ठेवलं तर पाण्याचा गारवा नसल्याने काप स्वतःच तापतो आणि साखर तांबूस होते. मग ४० मिनिटं चालू, २० मिनिटं हीटर-पंखा दोन्ही बंद. घड्याळाचा वेळ वाढतो, हीटरचा कमी होतो. मीटरचं रीडिंग घेऊन दोन्ही पद्धती ताडून बघा.

पावसाळ्यात हवा दमट असते म्हणून ड्रायर चालत नाही, हाही गैरसमज. २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची हवा ६० अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता १५ टक्क्यांवर येते.

बचत गटाचा जुना ड्रायर असेल तर हे सगळं करण्याआधी पंखा चालू करून दाराच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथे हलेल तिथली रबरी पट्टी बदला. मेथी-पालक धुऊन वाळवत असाल तर पाणी आधी पूर्ण निथळू द्या किंवा फिरकीत (स्पिनरमध्ये) काढा. निथळून जाणारं पाणी विजेवर उडवण्यात काही अर्थ नाही.